काल्हेर ते शेलार, गुडघ्यासकट

शुक्रवारी सकाळी पाच पन्नासला मी काल्हेरच्या आमच्या इमारतीखालून निघालो. शेलार दहा किलोमीटर. तिथे ताईकडे नाश्ता ठरला होता. बायको बाल्कनीतून म्हणाली, "लंगडत आलात तर बूट भंगारात घालीन."

गेल्या वर्षी सरावाच्या तक्त्यात आठ किलोमीटर असताना मी चौदा धावलो आणि पाच महिने गुडघा धरून बसलो. आता फिजिओथेरपिस्ट बाईंचा तक्ता होता. चार मिनिटे धावायचे, एक मिनिट चालायचे. आजचे दहा न दुखता झाले, तरच एकवीस किलोमीटरच्या शर्यतीचा अर्ज भरायचा. मुदत उद्यापर्यंत. दुखले तर जागीच थांबायचे, हे बाईंनी दोनदा सांगितले होते. माझा चेहरा बघून सांगितले असावे.

शुक्रवारी भिवंडीतले यंत्रमाग बंद, म्हणून मलाही सुट्टी. मी एका व्यापाऱ्याकडे कापडाचे तागे तपासतो. गोदामांना मात्र सुट्टी नसते. पूर्ण्यापर्यंत ट्रकांची रांग माझ्याच वेगाने सरकत होती. माझ्या चालण्याच्या मिनिटाला एक टेम्पोवाला शेजारी आला.

"काका, बसा ना. कुठं जायाचा हाय?"

"शेलारला. पण मी धावतोय."

"न्हाय, चालताय."

तेवढ्यात मिनिट संपले आणि मी धावू लागलो. चार मिनिटांनी तो पुन्हा शेजारी. तिसऱ्या वेळी त्याने काळजीने विचारले, "काका, बरोबर घरचा कोन हाय का?"

अंजूरफाट्याची धूळ खाऊन शहरात शिरलो. यंत्रमागांच्या गल्लीत एरवी ओरडून बोलावे लागते. आज कोंबडा ऐकू आला. चहाच्या टपरीवर शकील बसला होता. तो कारागीर (माग चालवणारा). मला पाहून उठलाच.

"चाचा, आज छुट्टी है. लूम बंद है. किधर भाग रहे हो?"

या गावात माणूस धावतो तो शिफ्ट चुकली तरच. मी थांबून त्याला शर्यत समजावली आणि पाय उचलला, तर गुडघ्यात कळ. खरे सांगायचे तर ती साडेसहा किलोमीटरपासून होती. मी दखल घेतली नव्हती. घड्याळात आता सात पॉइंट चार होते.

"घुटने में क्या हुआ?"

"कुछ नहीं. दो पॉइंट छह बाकी है."

शकीलने ग्लास खाली ठेवला. मागच्या महिन्यात त्याचा अख्खा तागा मी परत पाठवला होता. तार (उभा धागा) तुटली तरी त्याने माग चालूच ठेवला होता. कापडावर चाळीस मीटर सरळ रेघ. तार तुटली की लूम थांबवायची, एवढे कळत नाही का, असे मी त्याला चारचौघांत सुनावले होते.

"मेरा चालीस मीटर था, चाचा," तो म्हणाला. "आपका कितना हुआ?"

मी हिशेब केला. "नौ सौ."

टपरीवाला हसला. मी घड्याळ बंद केले.

शकीलने चहा पाजला, रिक्षा थांबवली आणि चालकाला बजावले, "धीरे ले जाना. चेकिंगवाले हैं, झटका लगा तो तेरेको भी वापस कर देंगे."

शेलारला ताईने तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोलंबी) वाढली.

"धावत येणार होतास ना?"

"सात पॉइंट चार धावलो. बाकी रिक्षा."

"मग भाकरीपण तेवढीच खा," असे म्हणून तिने तिसरी टाकली.

परतलोही रिक्षानेच. शनिवारी जिन्याच्या चोपन्न पायऱ्या उतरलो. बायको खाली उभी राहून मोजत होती. दुखले नाही. बूट वाचले. बाईंना फोनवर सगळे आकडे सांगितले, नऊशे मीटरसकट. "पुढच्या शुक्रवारी सातच," त्या म्हणाल्या. अर्जाची मुदत संध्याकाळी संपली. यंदा एकवीस नाही.

सोमवारी शकीलचा नवा तागा माझ्या टेबलावर आला. पूर्ण उलगडून पाहिला, मग पुन्हा पाहिला. एकही रेघ नव्हती. एखादी असती तर मला जरा बरे वाटले असते.