सिस्टरची बसलेली गाडी

तो गुन्हा आठवला की दारूच्या बाटल्या माझ्या डोळ्यांपुढे येत नाहीत. येतात ते एका जुन्या छोट्या गाडीचे तेल गळणारे शॉकअप. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलातली ड्युटीही केली. पण निवृत्तीनंतर कोणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हटलं की मी हीच सांगतो. नाव मात्र कोणाचंच घेत नाही.

तेव्हा माझं ठाणं गडचिरोली जिल्ह्यात होतं. या जिल्ह्यात दारूबंदी, आणि वैनगंगेपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात दुकानं उघडी. म्हणून पुलाच्या अलीकडे आमचा नाका कायम असायचा. नाक्यावरचा शिपाई गाडीचे कागद नंतर पाहतो, आधी गाडीची मागची बाजू पाहतो. रिकामी गाडी ताठ असते, माल भरला की मागून बसते. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात जायला रोज काळीपिवळी जीप, आणि जागा नेहमी मागची. किती माणसं कोंबली की गाडी किती बसते, हे मला बी.ए. व्हायच्या आधीच कळत होतं.

नाक्यावर एक गाडी मात्र या नियमाला अपवाद होती. ती होती सिस्टर बाईंची. बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, राहायला ब्रह्मपुरीला. नदीच्या दोन्ही काठांच्या गावांत सिकलसेलची पोरं आहेत. हाडं दुखायला लागली, रक्त कमी झालं की त्यांना दवाखान्यात न्यावं लागतं. बाई आपल्या गाडीत बसवून त्यांना गडचिरोलीला न्यायच्या. गाडी चालवायचा त्यांचा भाचा. भाऊ आणि वहिनी गेल्यावर बाईंनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. गाडी इतकी जुनी, की रिकामी असली तरी मागून बसलेली. शिपाई तिला पाहून सलाम करायचे आणि दांडा वर उचलायचे. त्यात त्यांचं काही वावगं होतं असं नाही. रोज जे दिसतं त्याची शंका कोणाला येत नाही.

एके दिवशी ठाण्यात फोन आला. कोणा अनोळखी बाईचा आवाज होता. “सिस्टरच्या गाडीत दारू येते. माह्या घरी रोज रडारड चालू हाय, तुमी काऊन पाहून नाई राह्यले?” एवढं बोलून फोन बंद. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि हसला.

“साहेब, त्या गाडीत इंजेक्शनं सापडतील, अजून काय!”

“सापडली तर परत देऊ,” मी म्हटलं. निनावी फोन दहा येतात, त्यातले बरेचसे भावकीच्या भांडणाचे असतात. पण ही बाई कोणावर डूख धरून बोलत नव्हती, स्वतःच्या घरातलं सांगत होती.

सकाळी दोन पंच घेऊन मी स्वतः नाक्यावर उभा राहिलो. गाडी आली, नेहमीसारखीच बसलेली. पुढे भाचा आणि बाई, मागे एक आई आणि तिच्या मांडीवर कण्हणारी मुलगी. आधी मी त्या मायलेकींना आमच्या गाडीतून दवाखान्यात पाठवलं. मग डिक्की उघडायला लावली. वर घोंगड्या आणि पाण्याची कॅन. खाली प्लायवूडचा खोटा तळ, आणि त्याखाली तणसात रचलेले देशी दारूचे पव्वे. खळखळ वाजू नयेत म्हणून धानाचं तणस, म्हणजे वाळका पेंढा.

बाईंनी ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. भाचा रस्त्याकडे पाहत होता.

पंचनामा करून दोघांना ठाण्यात आणलं. वेगवेगळं बसवलं. भाच्याची चौकशी आधी केली.

“गाडी आत्याची आहे साहेब. ते म्हणते चाल, का मी चालतो. आत काय रायते, मले काय माहीत?”

“हा तळ कोणी ठोकला?”

“आत्याले पुसा.”

जिनं वाढवलं तिच्यावर ढकलायला त्याला चहाचा एक घोटही लागला नाही. माझा अनुभव असा की नवा गुन्हेगार आधी गोंधळतो, मग रडतो. हा गोंधळला नाही. उत्तर घरून पाठ करून आणलेलं होतं.

बाईंना विचारलं तर त्या वेगळ्याच वाटेनं गेल्या. “लिहा साहेब. गाडी माह्या नावावर, तर गुन्हाबी माह्या नावावर लिहा.”

“बाई, माल तुमचा आहे का?”

“लिहा म्हणलं ना! त्या पोट्ट्याची नोकरी लागाची हाय अजून. माहं काय, म्हातारं झाड.”

कागदावर पाहिलं तर हे सोपं होतं. गाडीमालक स्वतः कबूल करते, ड्रायव्हर तिच्याकडे बोट दाखवतो. दारूबंदी कायद्याखाली बाई आरोपी, आणि भाचा हलक्यात सुटतो. पण मग आयुष्यभर दवाखान्यात कमावलेलं नाव एका दिवसात दारूवाली म्हणून गावोगाव झालं असतं. तिच्या गाडीत पुन्हा कोणी आपली पोर बसवली नसती. बाई खोटं बोलते हे मला दिसत होतं. पण मला दिसतं म्हणून कोर्ट मानत नाही. कोर्टाला काहीतरी हातात द्यावं लागतं.

महिला शिपायानं बाईंसमोर चहा ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला आणि एकदम चिडून म्हणाल्या, “मले टाका अंदर, पण त्या मिस्त्रीलेबी सोडू नका! चोट्टा हाय तो.”

“कोण मिस्त्री?”

“गाडीचा! पोरगी मागं बसली का प्रत्येक गड्ड्यात ‘माय वं’ म्हणून ओरडे. मले पाहवत नोयतं. भाच्याले किती डाव म्हणलं, शॉकअप बदलवून आण. तर म्हणे, कशाले आत्या, चालते ना. शेवटी तो लग्नाले गेला तर मीच गाडी मिस्त्रीकडे लावली. चारही बदलवले, स्प्रिंगांसकट. एक चक्कर मस्त झाली, जशी पालखी. पुढच्या चकरीपासून पुन्हा धडाम धडाम! नवे म्हणून जुनेच रंगवून लावले त्या मुडद्यानं.”

गुन्हा अंगावर घेऊन बसलेली बाई शॉकअपसाठी भांडत होती. माझ्या शिपायाला हसू आलं. मी मात्र उठून अंगणात गेलो आणि गाडीच्या चाकामागे वाकून पाहिलं. शॉकअप जुने होते, तेलानं चिकट, धूळ बसलेले. पण त्यांच्या नटांवर पान्याचे ताजे चरे होते. कोणीतरी ते अलीकडेच खोलले होते.

मिस्त्रीला बोलावलं. तो आला तोच हात नाचवत.

“साहेब, आईची शपथ, नवे लावले होते! स्प्रिंग दमली का गाडी बसते, शॉकअप गेला का गाडी आपटते. या गाडीचं दोन्ही झालं होतं. गाडी अशी ताठ झाली, का नाक्यावाला शिपाई म्हणे, सिस्टर, गाडी नवरदेवावानी दिसून राह्यली!”

“मग हे काय आहे?” मी खाली दाखवलं.

तो गुडघ्यावर बसला, हात लावून पाहिला, आणि माझ्याकडे भूत पाहिल्यासारखं पाहू लागला. “हे तर जुनेच हाय. मी डिक्कीत टाकून देल्ते.”

आमच्याकडची ही गॅरेजची रीत आहे. सामान बदललं की जुनं सामान गिऱ्हाइकाच्या डिक्कीत ठेवायचं, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, बदललंच नाही. बाईंनी कधी खाली वाकून पाहिलं नव्हतं, आणि डिक्की लावायचा भाचा.

“नवे काढून जुने कोण लावेल?” मी विचारलं.

“भैताडबी नाई लावणार, साहेब.”

शहाणा मात्र लावेल, जर त्याला गाडी बसलेलीच हवी असेल. नवी स्प्रिंग असली की रिकामी गाडी ताठ दिसते, आणि मालानं भरली की फरक नजरेत येतो. जुनी गाडी भरली काय, रिकामी काय, शिपायाला सारखीच. आणि ज्या बाईला गाडी बसलेली हवी आहे, ती स्वतः जाऊन नवे शॉकअप कशाला लावेल?

भाच्यासमोर बसलो. दारूचं काही विचारलंच नाही.

“नवे शॉकअप कुठी हाय?”

त्याचा पाठ केलेला धडा तिथे संपला. मग म्हणाला, “नाक्यावाला हसला, म्हणे आज गाडी ताठ काऊन? मले घाम फुटला. उद्या भरून आणली अन् बसलेली दिसली, तर पुसनच ना.”

त्याचं म्हणणं पंचांसमोर लिहून निवेदन पंचनामा केला आणि पंचांसह त्यांच्या घरी गेलो. मागच्या अंगणातल्या तणसाच्या ढिगात नवे चारही शॉकअप निघाले, स्प्रिंगांसकट पोत्यात नीट गुंडाळलेले. विकले असते तर गावात बोभाटा झाला असता, म्हणून ठेवले. ज्या दूरच्या गॅरेजात त्यानं ते बदलून घेतले, तिथल्या माणसाचा जबाबही मिळाला. तो म्हणाला, “मी त्याले येडा समजलो होतो.”

परत येऊन मी पोतं बाईंसमोर टेबलावर उघडलं. कुठून निघालं ते सांगितलं. माझा अंदाज होता की त्या आता रडतील, नाहीतर पुन्हा ‘लिहा माह्या नावावर’ म्हणतील. त्यांनी एका स्प्रिंगवर हात ठेवला. तणसाची काडी अडकली होती, ती काढून टाकली.

“दारू विकली, ते मी माफ केलं असतं साहेब. पोट्टं चुकते. पण ते पोरगी मागं ओरडे, अन् हा पुढं बसून आयके. याले माहीत होतं, का औषध काढून घरी तणसात ठेवलं हाय.”

मग खुर्ची पुढे ओढली. “आता लिहा. खरं सांगतो ते लिहा.”

बाई त्या गुन्ह्यात साक्षीदार झाल्या. भाच्यावर दोषारोपपत्र गेलं. नवे शॉकअप मुद्देमाल म्हणून मालखान्यात जमा झाले. कोर्टातून गाडी सुपूर्तनाम्यावर परत मिळाल्यावर बाईंनी शॉकअपसाठी वेगळा अर्ज केला, आणि तोही मंजूर करून घेतला. मिस्त्रीनं ते बसवले आणि रीतीप्रमाणे जुने डिक्कीत ठेवायला गेला. बाईंनी त्याला ते तिथेच कापून भंगारात टाकायला लावले.

चौकशीत आम्ही विचारतो, कोणी काय केलं. या केसनंतर मी आणखी एक विचारायला शिकलो, कोणी काय दुरुस्त होऊ दिलं नाही. घरातली गळती असो, ऑफिसातलं बिघडलेलं कुलूप असो, गाडीचा शॉकअप असो, मोडकं राहण्यात कोणाचा फायदा आहे ते शोधलं की अर्धा तपास होतो.

निवृत्तीच्या थोडं आधी एकदा नाक्यावर होतो. बाईंची गाडी आली, ताठ. आता त्या स्वतः चालवत होत्या, मागच्या सीटवर एक मुलगी झोपलेली. नवीन शिपायानं ओळखून सलाम केला आणि दांडा उचलला. बाई पुढे गेल्याच नाहीत. खाली उतरल्या, डिक्की उघडली, आणि त्याला म्हणाल्या,

“सलाम नंतर कर बाबू. आधी पाह्य.”