रविवारचं जावळ

करोनाच्या त्या दुसऱ्या हिवाळ्यात नेदरलँड्समधली सगळी सलून सरकारने बंद केली होती. ज्या कामात माणसाला हात लावावा लागतो ते काम करायचं नाही, असा नियम होता. आमच्या मुलाचा पहिला वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता आणि पुण्याहून सासूबाईंचा धोशा सुरू होता, वर्षाच्या आत जावळ काढायलाच हवं. वारही त्यांनीच ठरवला. मंगळवार नको, शनिवार नको, रविवारी करा.

आम्ही राहायचो त्या रायस्वाइक गावात, आमच्याच बिल्डिंगमध्ये माझी एक मैत्रीण राहायची. नाशिकची, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. भाषा शिकून, परीक्षा देऊन तिने एका डच बाईंच्या सलूनमध्ये नोकरी मिळवली होती आणि त्या नोकरीत तिचा जीव होता. मालकीणबाईंनी विश्वासाने तिच्याकडे दुकानाची किल्लीही दिली होती. मी विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "घरीच करा ना. मशिन मी देते, कसं फिरवायचं ते व्हिडिओ कॉलवर सांगते."

मला ते पटलं नाही. पटलं नाही म्हणजे, मला फोटो हवा होता. मोठा आरसा, फिरती खुर्ची, गळ्याभोवती छोटं कापड. परदेशात राहून आम्ही काही कमी पडू दिलं नाही, हे पुण्यात दिसायला हवं होतं. मी तिच्या मागेच लागले. अर्ध्या तासाचं काम, रविवारी त्या गल्लीत कुत्रंही नसतं, वगैरे. "माझी नोकरी जाईल गं," असं ती दोनदा म्हणाली आणि दोन्ही वेळा मी हसून उडवून लावलं. मग मी रुसले, बोलणं बंद केलं, तेव्हा कुठे ती रविवारी गुपचूप दुकान उघडायला तयार झाली.

जावळ छान झालं. मामा तिकडे ठाणे शहरात अडकलेला, म्हणून मूल बापाच्याच मांडीवर बसलं आणि यथेच्छ रडलं. सासूबाईंनी फोनच्या पडद्यावर अक्षता टाकल्या. घरी पोचायच्या आत मी फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलाही. त्यात हातात मशिन धरलेली ती होती आणि मागे भिंतीवर सलूनचं ठसठशीत नाव. तेव्हा सगळ्यांचेच केस वाढलेले. एका गृहस्थांनी सोमवारी सकाळी थेट सलूनच्या नंबरवर फोन लावला आणि तो उचलणाऱ्या मालकीणबाईंकडेच पुढच्या रविवारची वेळ मागितली.

बुधवारी मालकीणबाईंचा मला फोन आला. आवाज शांत होता. "ती म्हणते, ती नको म्हणत होती, तुम्हीच फार आग्रह केलात. खरं आहे का? तसं असेल तर मी तिला समज देऊन ठेवून घेईन. पण तिने स्वतःहून उघडलं असेल, तर मला तिला ठेवता येणार नाही."

बाईंनी उत्तर जवळजवळ माझ्या तोंडात घातलं होतं. पण आम्ही इथे कायमचं राहण्याच्या परवान्यासाठी नुकताच अर्ज केला होता आणि माझ्या डोक्यात पोलीस, दंड, नगरपालिका असा सगळा गोंधळ माजला होता. मी म्हणाले, "आम्हाला नियम नीट माहीत नव्हता. तिनेच बोलावलं आम्हाला." फोन ठेवून मी मुलाला भरवायला बसले. नेहमीसारखी गाणी म्हणत भरवलं, याची मला आजही लाज वाटते.

मार्चमध्ये सलून उघडली. ती तिथे नव्हती. मी तिला टाळायला लागले, जिन्यात तिचा आवाज आला की दार लोटून घ्यायचे. एप्रिलमध्ये एकदा लिफ्टमध्ये गाठ पडलीच. तिने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "दाट आलेत हं केस," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मालकीणबाईंचा तुला फोन आला होता का गं? मी तुझा नंबर दिला होता."

"नाही," मी म्हणाले.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तरीच. मला वाटलं, तूच काहीतरी भलतं बोललीस. दोन महिने तुझ्याबद्दल मनात वाईट आणलं मी. सॉरी गं."

मी म्हणाले, "असू दे."