निम्माच लिहिलेला प्रसंग

वादविवाद स्पर्धेतली भाषणं मुलं लिहीत नाहीत, आम्ही शिक्षक लिहितो. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे मूग गिळून बसतात. प्रत्येक कॉलेजातून दोन स्पर्धक येतात. एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरोधात, आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून फिरती ढाल द्यायची. त्यामुळे मराठीच्या बाईंना एकाच टेबलाशी बसून आधी ‘हो’ लिहावं लागतं आणि चहा पिऊन झाला की ‘नाही’. मी एकवीस वर्षं हे करत आले. मोबाईल शाप आहे हे आणि मोबाईल वरदान आहे हे मी एकाच दुपारी लिहिलेलं आहे, आणि दोन्ही मुलींना बक्षीस मिळालं होतं. मला त्याचा गर्व होता. लपवून काय करू?

त्या वर्षी यजमान आमचंच कॉलेज होतं आणि विषय प्राचार्यांनी काढला: ‘युद्धकाळात कैद्यांचा छळ समर्थनीय ठरतो.’ सरहद्दीवर तेव्हा तणाव होता. टीव्हीवर दिवसभर माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती आणि तीच माणसं आमच्या स्टाफरूममध्येही येऊन बसल्यासारखं वाटत होतं. फिजिक्सचे सर कडक भाकरीवर शेंगाचटणी पसरत म्हणाले, दोन दिवस उलटं टांगा, पोपटासारखे बोलतात. मी विचारलं, सर, तुम्ही आयुष्यात कधी कोणाच्या थोबाडीत तरी मारलीये का? ते हसले. मॅडम विरोधात लिहिणार वाटतं, म्हणाले. मी सांगितलं, नेहमीसारखं दोन्ही लिहिणार. मग त्यांनी विचारलं, ते राहू द्या, तुमचं स्वतःचं मत काय?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिडले ती प्रश्न आगाऊ होता म्हणून नव्हे, माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून. एकवीस वर्षांत मला तो प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मी डबा बंद केला आणि तासाला निघून गेले. तास नव्हता. रिकाम्या वर्गात बसून राहिले.

त्याच आठवड्यात मामा माझ्याकडे राहायला आले होते. माझ्या आईचे धाकटे भाऊ, राहणार वळसंग. तरुणपणी सैन्यात होते, नंतर उरलेलं आयुष्य शेतीत गेलं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि वळसंगात मामींना थेंब नीट घालता येत नाहीत म्हणून मीच त्यांना ठेवून घेतलं. दोन औषधं होती. एकाचा थेंब घातला की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, मग दुसऱ्याचा. ती पाच मिनिटं मामांना फार लांब वाटायची. लहान मुलासारखे विचारायचे, झाली का? मी म्हणायचे, पडा गप.

अशाच एका दुपारी, ते डोळे मिटून पडलेले असताना, मी विषय काढला. मला भाषणासाठी एखादा खरा प्रसंग हवा होता. परीक्षक प्रसंगाला गुण देतात, मुद्द्यांना नाही, हे धंद्यातलं गुपित. मामा सैन्यातलं कधी बोलत नसत. घरातल्या लग्नकार्यात कोणी विचारलंच तर ‘थंडी लई असायची’ एवढंच सांगायचे. त्या दिवशी का बोलले ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित डोळे मिटलेले होते म्हणून.

एक माणूस धरला होता, ते म्हणाले. पुढे जायला दोन वाटा होत्या आणि एकीवर सुरुंग पेरलेले होते. कोणत्या वाटेवर, एवढंच काढून घ्यायचं होतं. हवालदारानं मामांना सांगितलं, याला बोलता कर. मामा तेव्हा बावीस वर्षांचे. त्यांनी त्या माणसाला उन्हात खांबाला बांधलं. घरी बैलाला दावं बांधताना मारायचे तीच गाठ मारली. मारहाणही केली. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पाणी द्यायचं नाही असं ठरलं होतं. मामांच्या कमरेला पाण्याची बाटली होती. हवालदाराच्या सांगण्यावरून ते त्याच्यासमोर बसून अधूनमधून घोट घेत होते. तो सकाळपासून एकच सांगत होता, मला ठाऊक नाही. दिवस कलताना त्याने हनुवटीने डावी वाट दाखवली. सुरुंग तिकडे आहेत म्हणाला. त्याला पाणी मिळालं, मामांना शाबासकी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेजण उजव्या वाटेने गेले. एक परत आला.

“म्हणजे तो खोटं बोलला,” मी म्हणाले.

“खोटं कशाचं? सैपाकी व्हता त्यो, त्यांच्या लंगरातला. आमाला मागनं कळलं. त्याला सुरुंगाचं काय म्हाईत? सकाळपासनं खरंच सांगत व्हता की.”

पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती. दुसरा थेंब घालताना मी विचारलं, हे भाषणात घेऊ का? नाव नाही, गाव नाही, काही नाही. मामांनी गालावर ओघळलेला थेंब बोटाने टिपला. मग म्हणाले, “सगळं लिवणार असशील तर लिव. निम्मं लिवू नगंस.”

मी म्हणाले, सगळं लिहीन. पन्नास वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्या माणसाने माझ्या एवढ्या एका शब्दावर माझ्या हातात दिली.

आता मी काय केलं ते सांगते. भाषणाला चार मिनिटं असतात. तीन झाली की इशाऱ्याची घंटी, चार झाली की शेवटची, आणि त्यानंतर गुण कापतात. विरोधाच्या भाषणात माझ्याकडे भरपूर माल होता. कायदा होता, युद्धकैद्यांबद्दलचे करार होते, माणुसकी होती. बाजूचं भाषण मात्र पोकळ होतं. त्यात टीव्हीवरची आरडाओरड सोडून काही नव्हतं. मामांचा प्रसंग खरं तर विरोधाच्या भाषणात जायला हवा होता, हे शेंबडं पोरही सांगेल. पण दोन्ही भाषणांचे गुण मिळून ढाल असते. रिकाम्या पारड्यात वजन टाकायचं, ही माझी एकवीस वर्षांची रीत. दोन्ही मुलींनी एकच प्रसंग सांगितला तर परीक्षक म्हणणार, बाईंनीच लिहून दिलंय. म्हणून मी प्रसंग मधोमध कापला आणि पहिला निम्मा भाग बाजूने बोलणाऱ्या मुलीला दिला. कैद्याने हनुवटीने वाट दाखवली, इथे थांबले. मग एक वाक्य पदरचं घातलं: ‘मित्रहो, एका कैद्याच्या एका दिवसाच्या तहानेने आपल्या जवानांचे प्राण वाचले!’

असं काही मामा बोलले नव्हते. ते वाक्य माझं होतं, आणि लिहिताना मला ते फार आवडलं होतं.

स्पर्धेच्या चार दिवस आधी प्राचार्यांनी विचारलं, तुमच्याकडे माजी सैनिक आहेत म्हणे, त्यांचा सत्कार करू या? वातावरण छान होईल. मी हो म्हणून बसले. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, सत्काराचं राहू दे, तू लिवलेलं ऐकायला येतो. तेव्हाही भाषण बदलता आलं असतं. पण मुलीचं पाठ झालं होतं, हातवारे बसले होते. हार-तुरे आणि टाळ्यांच्या गडबडीत म्हाताऱ्याच्या काय लक्षात येणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. हो, म्हाताऱ्याच्या, हाच शब्द माझ्या मनात आला होता.

यजमान कॉलेजच्या शिक्षकांना परीक्षक होता येत नाही, म्हणून माझ्याकडे वेळेचं काम होतं. स्टेजवर कडेला, माइकच्या मागच्या बाजूला छोटं टेबल, त्यावर पितळी घंटी आणि घड्याळ. मामा पहिल्या रांगेत काळा चष्मा लावून, टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

बाजूने बोलणारी आमची मुलगी विणकराच्या घरातली. घरी तेलुगू बोलणारी, पण मराठी अशी की ऐकत राहावं. तिने तो प्रसंग असा उभा केला की सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. तहानेचं वाक्य आलं आणि मुलं बाकावर उभी राहून शिट्ट्या मारायला लागली. फिजिक्सच्या सरांनी खालून माझ्याकडे पाहून अंगठा उंचावला. मी मामांकडे पाहिलं. काळ्या चष्म्यात काही दिसत नव्हतं. टोपी मात्र मांडीवरून खाली पडली होती आणि त्यांनी ती उचलली नाही.

स्पर्धा संपली, निकालाची बेरीज सुरू झाली आणि मधल्या वेळात सत्कार घेतला. आमच्याकडे पाहुण्याला चादर देतात, तशी ती दिली. प्राचार्यांनी माइकवर सांगितलं, आता आपले वीर जवान दोन शब्द बोलतील. सगळं सभागृह उभं राहिलं. मला वाटलं, नमस्कार करून बसतील. थंडीचं सांगतील.

मामांनी चादर खांद्यावर घेतली आणि म्हणाले, “पोरगी लई चांगली बोलली. पुडचं तेवडं ऱ्हायलंय, ते मी सांगतो. त्यो मानूस माजाच व्हता. म्हंजे मीच बांदला व्हता त्याला.”

ते सावकाश बोलत होते. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. गाठ सांगितली, खांब सांगितला. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, मग तेही थांबलं. परीक्षकांनी बेरीज करायची पेनं खाली ठेवली. भाषण केलेली ती मुलगी विंगेत उभी होती, तिने तोंडावर हात धरला होता. प्राचार्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग आवळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने टेबलावर टकटक केल्यासारखी खूण केली.

“त्यो पानी मागत व्हता,” मामा म्हणाले, “माज्या कमरंला बाटली व्हती, आनि मी...”

मी घंटी वाजवली.

मामा जागच्या जागी थांबले. वाक्य पुरं केलं नाही. दोन्ही हात जोडले, पायरी चाचपत खाली उतरले आणि दाराकडे चालायला लागले. टाळ्या वाजल्या, अगदी भरपूर वाजल्या. सुटल्याच्या टाळ्या होत्या त्या. ढाल आम्हालाच मिळाली. मी बाहेर आले तोवर मामा सीटवर भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपने वळसंगला निघून गेले होते. चादर खुर्चीवर तशीच होती.

घरी आल्यावर मी भांडी आपटली. मला सगळ्यांचा राग आला होता. प्राचार्यांचा, त्या शिट्ट्यांचा, आणि खरं सांगायचं तर मामांचा सगळ्यात जास्त. चार लोकांत शोभा करायची काय गरज होती? घरी मला झापलं असतं तरी मी ऐकलं असतं. मग फ्रिजवर थेंबांच्या दोन्ही बाटल्या दिसल्या. ऑपरेशन झालेला डोळा, आणि औषध माझ्या घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वळसंगला गेले. मामा घरापुढच्या लिंबाखाली बाजेवर बसले होते. मामींनी तांब्या पुढे केला, विचारपूस केली. मी मामांना सांगितलं, थेंब राहिलेत, आडवे व्हा. ते निमूट आडवे झाले. मी पहिला थेंब घातला. त्यांनी डोळे मिटले.

“घंटी कुणी वाजिवली?”

त्यांनी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या मागे होते. शिपायाने वाजवली, असं म्हणाले असते तर तिथेच मिटलं असतं. माझ्या तोंडात ते आलंही होतं.

“मी,” मी म्हणाले, आणि लगेच तावातावाने पुढचं सगळं सांगायला लागले. वेळ झाली होती. बाहेरगावच्या मुलींच्या बसेस चुकल्या असत्या. मुलं चुळबुळ करत होती. आणि मी काय मनाने वाजवली का? प्राचार्यांनी सांगितलं, म्हणून वाजवली.

मामांनी डोळे उघडले नाहीत.

“मलाबी हवालदारानंच सांगितलं व्हतं,” ते म्हणाले.

पाच मिनिटं झाली तेव्हा मी दुसरा थेंब घातला.