शोधाच्या चौकटीत केलेला अर्ज

कंपन्यांच्या मदतीच्या वेबसाइट माणसाला मदत करायला बनवलेल्या नसतात, त्याचा अंत पाहायला बनवलेल्या असतात. हे माझं मत पिंपळगाव बसवंतला पक्कं झालं.

तिथे माझ्या सासऱ्यांचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे आणि त्याला जोडून एक शीतखोली. गेल्या हंगामात मी नाशिकच्या द्वारकेहून सहज भेटायला गेलो. सहज म्हणजे, द्वारकेच्या चौकात त्या आठवड्यात डांबर उकळत होतं, आणि अख्ख्या जिल्ह्यात त्या खोलीइतकी गार जागा दुसरी नव्हती.

दुपारी बाराला खोलीबाहेरच्या कंट्रोलच्या डब्यावर लाल अक्षरांत ‘ई-७’ लुकलुकायला लागलं. आतले पंखे थांबले. तापमान एकावरून दोनावर, दोनावरून तीनावर. आत सायखेड्याच्या बागांतली द्राक्षं होती. चारला कंटेनर येणार होता आणि गरम झालेला माल तो उचलणार नव्हता. मेकॅनिक सटाण्याकडे गेलेला, फोन बंद.

"जावईबापू, तुम्ही कंप्युटरवाले. बघा ना काही," सासरे म्हणाले.

मी कंप्युटरवाला म्हणजे कचेरीसमोर बसून तीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करतो. माझ्या अर्जाने दगडालाही पाझर फुटतो. मी बाह्या सरसावल्या, कंपनीची मदतीची वेबसाइट उघडली आणि शोधाच्या चौकटीत लिहिलं, ‘महोदय, सविनय निवेदन करण्यात येते की, आमच्या शीतखोलीचे पंखे अचानक बंद पडले असून द्राक्षमाल धोक्यात आला आहे, तरी तातडीने उपाय कळवावा ही नम्र विनंती.’

उत्तर आलं: शून्य निकाल.

शून्य! साहेब लोक निदान ‘उद्या या’ तरी म्हणतात. मी ‘तातडीने’च्या आधी ‘अत्यंत’ घातलं. शून्य. चिडून नुसतं ‘गार होत नाही’ लिहिलं, तर इतके निकाल आले की छापून अंथरले असते तर नाशिकपर्यंत रस्ता झाकला असता. फ्रिज, कूलर, बसमधला एसी, दवाखान्यातली लशीची पेटी. मध्येच स्क्रीनच्या कोपऱ्यातून एक यंत्रबाई उगवली, "तुमचा त्रास मी समजू शकते." समजतेस तर पंखे लाव की, बाई!

तापमान पाच.

सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. पॅकिंगच्या तीस बाया एका नजरेत ठेवणाऱ्या बाई, पण जावयाला बोलायचं कसं, म्हणून इतका वेळ गप्प होत्या.

"रागावू नका, जावईबापू, पण आम्ही क्रेट शोधताना गोष्ट सांगत नाय. हजारातून एक क्रेट काढायची तर बागवाला कोण, त्याची परिस्थिती काय, असं इचारतो का? चिठ्ठीवरचा नंबर वाचतो."

एवढं बोलून त्यांनी पदराने डब्याखालची पट्टी पुसली. धुळीखालून मशीनचा मॉडेल नंबर निघाला.

"ह्यो नंबर लिहा. अन् ते लाल अक्षर. बाकी एक शब्द नको."

"निदान ‘कृपया’?"

"नको!"

लिहिलं. एकच निकाल. पण तो लेख म्हणजे पुराण. सुरुवातीला कंपनीचा इतिहास, मग सावधगिरीच्या सूचना. मी भक्तिभावाने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"अवो, सगळी रास कशाला उपसता? त्या पानातबी शोधता येत असंल की!"

येत होतं. पानात ‘ई-७’ शोधलं आणि ओळ समोर आली: ‘दार पूर्ण बंद नाही. फटीत अडथळा आहे का पाहा.’

आम्ही तिघांनी दाराकडे पाहिलं. तळाशी, रबराच्या पट्टीत, चार घड्या केलेला पेपर अडकला होता. त्यातलं शब्दकोडं अर्धं सोडवलेलं. हिरव्या शाईत. त्या घरात हिरव्या शाईचं पेन फक्त माझ्या खिशात होतं. सकाळी गारव्याला आत शिरताना दार मागे बंद होऊन मी आतच गोठून जाईन, या भीतीने मीच तो खोचला होता, आणि चहाची हाक आल्यावर विसरलो होतो.

सासऱ्यांनी पेपर ओढला. दार धप्पकन बसलं, पंखे गरजले. साडेतीनला तापमान पुन्हा एकावर आलं आणि चारला कंटेनर माल घेऊन गेला.

जावयाला बोलत नाहीत. फक्त सासूबाईंनी ताटाशेजारी तो पेपर आणून ठेवला.

"चांगला गार झालाय," त्या म्हणाल्या. "आता सोडवा निवांत."