पाणी उतरलं, असं मी कळवलं

मी वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंगचा. इंजिनियर रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर झालो. गावात कोणी भेटलं की पहिला सवाल बॉर्डरचा असतो. बॉर्डरवर मी दोन टेन्युअर काढले, माझ्या हाताखालच्या एकाही माणसाला खरचटलं नाही. माझा माणूस गेला तो कोकणात, भरदुपारी, पुरात. त्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.

तळकोकणात फ्लड रिलीफला आमची तुकडी, फौजी भाषेत कॉलम, गेली होती. माझ्याकडे दोन बोटी आणि आठ जण. त्यातला सॅपर शकील मानोऱ्याचा. सॅपर म्हणजे इंजिनियरमधला शिपाई. बोटीचं इंजिन त्याच्या हातात लोण्यासारखं चालायचं. बापाचं मानोऱ्यात शिलाईचं दुकान. जिल्हा एक, म्हणून आम्ही दोघं असलो की वऱ्हाडीत बोलायचो. मी तापट माणूस, पण त्याच्यावर मी क्वचितच ओरडलो.

ती नदी पाहून मला हसू आलं होतं. आपली पैनगंगा कुठून कुठं जाते! ही सकाळी घाटात जन्मते आणि संध्याकाळी समुद्रात मरते, एवढीच लांबी. मी शकीलला म्हटलं, "हे नदी व्हय का नाला?"

साडेसातला पोचलो. दहापर्यंत वाडीतली बहुतेक माणसं काढली. बुडालेल्या माडाच्या बागेपलीकडे एकच घर उरलं. त्यात अकरा जण, माळ्यावर बसलेले. पाऊस थांबला होता.

आपल्याकडे पूर आला की पाण्याच्या कडेला पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी काडी, रोवतात. पाणी काडी सोडून मागे गेलं की समजायचं, पूर ओसरला, आता चूल पेटवा. मामाच्या गावी मी लहानपणापासून हेच पाहिलं. इथं पऱ्हाटी कुठली, मी बांबूच्या कामट्या रोवल्या. तासाभरात पाणी दोन हात मागे गेलं. दुसऱ्या तासात आणखी तीन हात. मी ठरवलं, आता जांभ्या दगडावर बोट घासून फाडायची नाही. पाणी उतरलं की ती अकरा माणसं बांधावरून पायीच येतील.

शकील शेवटच्या फेरीत त्या घराच्या म्हाताऱ्याशी बोलून आला होता.

"उस्ताद, तो बुढा म्हनते, हे सुकती हाय. मंजे समुद्र मांगं गेला म्हनून पानी उतरून राह्यलं. दुपारी भरती आली का समुद्र तोंड बंद करते. घाटातलं पानी मंग जाईन कुठी? आताच काढू त्यायले."

"मले पुराचं नको शिकवू," मी म्हटलं. "काडी पाह्य. पानी खाली चाललं."

"काडी आपल्या इकडची हाय, उस्ताद."

"चूप बस अन् चहा पे."

साडेदहाला कॅप्टनसाहेब वायरलेस सेटवर आले.

"पानी का क्या हाल है? ओव्हर."

"साहब, पानी उतर रहा है. दो घंटे से. ओव्हर."

"एक बोट छोड़ सकते हो? ओव्हर."

"छोड़ सकता हूँ, साहब. ओव्हर."

बोट गेली. तिच्यात चार जण आणि बरीचशी लाइफ जॅकेटं गेली.

बाराला पाणी थांबलं. साडेबाराला वर सरकायला लागलं. एक चाळीसला माझ्या सगळ्या कामट्या पाण्याखाली होत्या आणि माळ्यावरची माणसं कौलं काढून डोकी बाहेर काढत होती. शकील इंजिन चालू करून निघाला. मी काठावर सेफ्टी दोर धरून उभा राहिलो.

पहिल्या फेरीत बायका-पोरं धरून सहा जण आले. दुसऱ्या फेरीला पाच माणसं आणि जॅकेटं चार. म्हातारा जॅकेटविना राहिला. काठावरून मला दिसलं, शकीलनं स्वतःचं काढलं आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात घातलं. माझ्या अंगावर माझं जॅकेट होतं. कोरड्या जमिनीवर, मी ते घालून उभा होतो. पहिल्या फेरीनंतर ते बोटीत टाकायचं मला सुचलं नाही.

मधोमध बागेचं तारेचं कुंपण बुडालेलं होतं. पंख्यात तार गुंतली, इंजिन बंद पडलं, बोट आडवी होऊन माडाच्या खोडावर आदळली आणि उलटली. जॅकेटवाले पाच वर आले. दोराला धरून आम्ही पाचही ओढले. शकील दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीच्या तोंडाशी सापडला.

इन्क्वायरीच्या कागदावर "पाण्यात अचानक वाढ" असं लिहिलं गेलं. मी खाली सही केली. ती सही मला आजही खाते.

रिटायर झाल्यावर मी मानोऱ्याला गेलो. त्याचे अब्बा मशीनवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अचानक काही नव्हतं, चाचा. तीन तास आधी तुमच्या पोरानं मला सांगितलं होतं.

त्यांनी मशीनवरचा पाय काढला. मग म्हणाले, "तुमी आयकलं काहून नाई त्याचं?"

वाशिमपासून मानोऱ्यापर्यंत एसटीत मी पुष्कळ उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"तो सॅपर होता, चाचा," मी म्हटलं. "अन् मी हवालदार."

ते मला जा म्हणाले नाहीत, बसही म्हणाले नाहीत.

सॅपर शकील, राहणार मानोरा. वय सव्वीस. त्या दिवशी नदी त्याला समजली होती.