भाभीनं सांगितलेले शेवट

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आम्ही आठ-दहा म्हातारी मंडळी दर रविवारी हॉलमध्ये जमून जुन्या सिनेमांवर भांडायचो. भांडायचो म्हणजे कसं, एकानं आपला आवडता सिनेमा सांगायचा आणि बाकीच्यांनी तो कसा रटाळ होता ते सिद्ध करायचं.

माझी पाळी आली तेव्हा मी एका विधवेचा सिनेमा सांगितला. भावाच्या घरी राहून शिवणकाम करणाऱ्या बाईचा. "आणि शेवट काय सुंदर! बाजारात तिचं स्वतःचं दुकान होतं, दारावर तिच्या नावाची पाटी लागते."

तळमजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी, आपण कुठल्या थिएटरात पाहिलात? आमच्या थिएटरात ती नदीत उडी घ्यायची."

सगळे हसले हो. मीही हट्टी. म्हटलं, "लावूनच बघू पुढच्या रविवारी!" मग ठरलं की सिनेमा संपला की त्यावर मीच बोलायचं.

आता खरं सांगते. तो शेवट मी पाहिलेलाच नव्हता. तोच काय, त्या काळातल्या एकाही सिनेमाचा नाही. तेव्हा आम्ही बुधवार पेठेत राहायचो. शेजारी भाभी, तिच्या नवऱ्याचं पुस्तकबांधणीचं दुकान. आम्ही दोघी बाराच्या मॅटिनीला जायचो. पण तीनच्या ठोक्याला सासूबाईंच्या हातात चहा लागायचा. म्हणून शेवटची पंधरा-वीस मिनिटं राहिली की मी अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर. भाभी थांबायची, आणि संध्याकाळी गॅलरीत वाळलेले कपडे काढताना मला शेवट सांगायची. इतका रंगवून सांगायची, की पुढे पुढे मला तो मीच पाहिला असं वाटायला लागलं.

माझी सून यवतमाळची, खराडीला नोकरीला. तिनं येताना सीडी आणली. दोघींनी पाहिली. नदी आली, उडीही आली. सून हळूच म्हणाली, "आई, रविवारी बरं नाही म्हणून सांगून द्या ना. मी सांगते हवं तर."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण लोकांच्या हसण्याचं एवढं नव्हतं. त्या पाटीच्या जोरावर मी सासूबाईंसमोर उभी राहून शिवणाचं मशीन मागितलं होतं, बायकांची पोलकी शिवली होती. आणि ती पाटी मुळात नव्हतीच? भाभी आता कोंढव्याला लेकाकडे असते. लावला फोन.

"भाभी, ती नदीत उडी घेते?"

"कोण गं? कधी?" घाबरलीच ती. मी समजावल्यावर हसत सुटली. "हां, ती होय! घेते ना. केवढी रडले होते मी."

"मग मला दुकान का सांगितलंस?"

"अगं, सकाळी घरात बोलणी खाऊन आली होतीस तू. संध्याकाळी परत दहा माणसांची कणीक मळायची. त्यात तुला नदी सांगू?" मग म्हणाली, "आणि मला पटलंच नव्हतं. पाणी गुडघाभर होतं त्या नदीला."

"आणि बाकीचे सिनेमे?"

"एक-दोन खरे सांगितलेत."

रविवारी गेले मी. सिनेमा संपला, दिवे लागले. प्राध्यापक म्हणाले, "बोला वहिनी, दिसलं का दुकान?"

म्हटलं, "नाही दिसलं." आणि मॅटिनी, चहा, भाभी, सगळं सांगून टाकलं. मग माझं मतही सांगितलं. सिनेमा उत्तमच आहे, पण शेवटी दिग्दर्शक दमला. शिवणारी बाई गिऱ्हाइकाचं पोलकं अर्धं मशीनवर ठेवून नदीवर जात नाही. आधी ते पुरं करते, नेऊन देते, तोवर दुसरं कापड आलेलं असतं. मी तीस वर्षं शिवलंय, मला माहीत आहे.

या वेळी हसलं कुणी नाही. प्राध्यापकच म्हणाले, "भाभींना बोलवा हो. आमचेही दोन-चार सिनेमे दुरुस्तीला टाकायचे आहेत."

मी तिथूनच फोन लावला. पुढच्या वेळचा सिनेमा कुठला तेही सांगितलं.

"येते की," भाभी म्हणाली. "पण त्याचा खरा शेवट कुठला आणि तुला सांगितलेला कुठला, ते आता माझ्याही लक्षात नाही बाई."