कॅमेऱ्याला कुंकू

आमच्या बेसा गावातल्या घराची गच्ची उन्हाळ्यात वाळवणाची. यंदा मात्र कुरडया अंगणात आल्या, कारण गच्चीवर सुनेचे आरसे होते. मुलं जरा मोठी झाल्यावर सून पुन्हा शिकायला लागली, पीएचडीला. तिच्या कॉलेजच्या गच्चीवर झाडांची सावली येते, म्हणून सगळा संसार आमच्याकडे.

आता आरसे कशाला, ते सांगते. हातरुमालाएवढे आरसे, प्रत्येकाखाली मोटर. समोर उभ्या नळीवर काळं रंगवलेलं पाण्याचं भांडं. सगळ्या आरशांचं ऊन त्या भांड्यावर पडलं की पाणी उकळतं. पण सूर्य काही एका जागी बसत नाही. म्हणून भांड्याच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चार लहान कॅमेरे. ते आरशांकडे बघत असतात. आरसा चौघांनाही सारखाच उजळ दिसला तर ऊन बरोबर मधे, भांड्यावर. एखाद्याला अंधुक दिसला तर आरसा जरा त्याच्या बाजूला वळायचा. हे तिने मला पोळ्या लाटता लाटता समजावलं आणि मला चक्क समजलं!

त्या दिवशी तिचे सर बघायला येणार होते. त्यांना पटलं तर प्रबंध लिहून द्यायचा, नाही तर मुलांच्या शाळा सुरू झाल्या की सगळं पुन्हा रखडणार. आधी रखडलं होतंच, म्हणून पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती. लेकीचं काम पाहायला विहीणबाई सावनेरहून आल्या होत्या. सकाळी आंघोळ करून पूजेचं ताट घेऊन वर गेल्या. मला वाटलं, सूर्याला पाणी द्यायला गेल्या असतील.

सर आले. आम्ही सगळ्या काळे चष्मे लावून उभ्या. सुनेने यंत्र सुरू केलं, आरसे टकाटक वळले, आणि उजेड भांडं सोडून खालच्या नळीवर घसरला. तिने बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा खालीच. तिच्या कपाळावर घाम. सर हाताची घडी घालून उभे.

मग ती नळीपाशी गेली, वाकली आणि तशीच थांबली. खालच्या कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकवाचं ठसठशीत बोट. वाळून पक्कं झालेलं. त्या कॅमेऱ्याला काही दिसेना, म्हणून सारे आरसे बिचारे त्याच्याकडेच वाकत होते.

तिने ओढणीचं टोक ओलं करून काच पुसली. "धूळ होती सर."

"धूळ नाही जी," मागून विहीणबाई. आवाज पार रडवेला. "म्या लावलं. नवं यंत्र हाय, पूजा नको? वरच्या तिघायले हात पुरला नाही, नाही तं चारीले लावलं असतं."

"माय, तू गप वं!"

"काहून गप? तुही चूक नाही तं सांगू नको?"

मला हसू फुटलं. सरही हसले. म्हणाले, "बरं झालं जी तुमचा हात पुरला नाही."

सुनेने यंत्र पुन्हा लावलं, आणि या वेळी उजेड भांड्यावर जाऊन बसला. थोड्या वेळाने पाणी खदखदलं. विहीणबाईंनी हात जोडले.

सरांना काम आवडलं. पण जाताना म्हणाले, "रानात बसवलं तर काचेवर धूळ येईल, पाखरं घाण करतील. एक डोळा झाकला गेला हे बाकीच्या तिघांवरून यंत्राला कळलं पाहिजे. तेवढं करा आणि लिहायला घ्या."

म्हणजे आणखी महिनाभराचं काम. ते गेल्यावर सून पायरीवर बसली. विहीणबाईंनी भीतभीत विचारलं, "नापास केलं का वं त्यायनं?"

"नाही गं माय. काम वाढवलं."

"माह्यापायी."

सून उठली. मग आईच्या हातातली गाठ मारलेली पिशवी तिने काढून घेतली. "आज गाडी नको पकडू. पोरायच्या सुट्ट्या हायेत, महिनाभर त्यायले सांभाळ. मी वर बसते."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? कुरडयांचा चीक तुम्हीच शिजवायचा, माझा दरवेळी बुडाला लागतो."

सून लॅपटॉप घेऊन वर निघून गेली होती.